जडावाचा ट्रे पुसण्याआधी

जुने घर आवरायला काढले की जडावाचा लाकडी ट्रे सहसा दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर भंगारवाल्याच्या पोत्यात, नाहीतर ‘जरा चकचकीत करून द्या’ म्हणून सुताराकडे. पहिल्या वाटेने वस्तू जाते. दुसऱ्या वाटेने वस्तू राहते, पण तिच्यावर साठलेली माहिती जाते, आणि ती पुन्हा आणता येत नाही. म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाचकांना पहिली विनंती ही, की फडके हातात घेण्याआधी भिंग हातात घ्या.

या दोन तालुक्यांची नावे मुद्दाम घेतो आहे. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, एकोणिसाव्या शतकात घोडदळाची छावणी होती. पूना हॉर्स या रिसाल्याचा मुक्काम इथे होता. इथेच अमेरिकन मराठी मिशनचेही ठाणे होते. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोचले आणि तिथून भोवतालच्या गावांत पसरले. शिरूरला राहिलेल्या रिचर्ड विन्सर या मिशनऱ्यांनी तिथल्या शाळेला हातकामाच्या शिक्षणाची जोड दिली होती. दौंडची गोष्ट वेगळी. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमेकाठच्या या गावाचे जंक्शन झाले. ड्रायव्हर, गार्ड, फिटर, तारमास्तर अशी माणसे देशाच्या कानाकोपऱ्यातून इथे आली, बदलीवर गेली, निवृत्त झाली. छावणी, मिशनचा बंगला आणि रेल्वेची वसाहत या तिन्ही ठिकाणी माणसांबरोबर दूरदूरच्या वस्तू येतात, आणि माणसे निघाली की त्यांतल्या काही मागे राहतात. एखाद्या घरच्या माळ्यावर म्हैसूरच्या शिसवी ट्रेशेजारी अमेरिकन गरुडाचा ट्रे निघाला, तर इथे ते अशक्य मानण्याचे कारण नाही. आता तर न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून सुट्टीला आलेली मुलेसुद्धा तिकडच्या जुन्या बाजारातून अशी एखादी वस्तू घेऊन येतात.

असा अमेरिकन ट्रे हाती आला तर त्याचा काळ ओळखायला आधी चित्र वाचावे. त्यावर बहुधा पांढऱ्या डोक्याचा गरुड, उभ्या पट्ट्यांची ढाल, तारे आणि एखाद्या राज्याचे चिन्ह किंवा नकाशा यांपैकी काहीतरी असते. गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात बाण असतात. हे त्या देशाच्या १७८२ च्या राजमुद्रेवरून आलेले चित्र आहे आणि आजही वापरात आहे, त्यामुळे नुसत्या गरुडावरून काळ सांगता येत नाही. ढालीवरच्या १३ पट्ट्यांवरूनही नाही. त्या पट्ट्या मूळच्या १३ वसाहतींच्या आणि त्यांची संख्या ठरलेली आहे.

तारे मात्र मोजावेत. १८१८ च्या कायद्याने अमेरिकेने असे ठरवले की प्रत्येक नव्या राज्यासाठी झेंड्यात एक तारा वाढवायचा, आणि तो राज्य सामील झाल्यानंतर येणाऱ्या ४ जुलैला. त्यामुळे ताऱ्यांच्या संख्येला काळाची चौकट मिळाली. ३८ तारे १८७७ ते १८९०, ४५ तारे १८९६ ते १९०८, ४६ तारे १९०८ ते १९१२. त्यानंतर ४८ तारे तब्बल ४७ वर्षे टिकले, १९१२ पासून १९५९ पर्यंत, म्हणून जुन्या वस्तूंवर ४८ ची संख्या भेटण्याचा संभव मोठा. १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई ही दोन राज्ये आली. ४९ ताऱ्यांचा झेंडा जेमतेम एक वर्ष चालला आणि ४ जुलै १९६० पासून आजचा ५० ताऱ्यांचा झेंडा आला. ट्रेवर नीट ओळीत बसवलेले ४९ तारे असतील तर तो तुकडा जपून ठेवा, कारण असे काम करायला कारागिराला फार थोडा काळ मिळाला.

१३ ताऱ्यांना मात्र फसू नका. ते स्वातंत्र्याच्या आठवणीसाठी पुढेही पुन्हा पुन्हा वापरले गेले, विशेषतः १८७६ च्या शताब्दीला. आणि जडावाचे काम करणारा माणूस झेंडा शिवणारा नसतो. लाकडात ४८ बारीक तारे कापून बसवणे हे डोळे फोडणारे काम आहे. जागा अपुरी पडली की तो तारे कमी करतो. म्हणून पूर्ण, मोजून बसवलेली संख्या असेल तरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

सगळ्यात मोठी चूक होते ती तारखेबाबत. ट्रेवर राज्याचे नाव आणि खाली साल कोरलेले असते, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया आणि १८५०. घरातले लोक लगेच म्हणतात, पावणेदोनशे वर्षांचा ट्रे आहे. ते साल राज्य संघात सामील झाल्याचे असते, ट्रे बनल्याचे नव्हे. त्या राज्याचे अस्वलाचे चिन्ह आणि १८५० हे साल काल बनलेल्या वस्तूवरही सापडेल. चिन्हावरून एवढेच कळते की वस्तू अमुक सालाच्या आधीची असू शकत नाही. ती त्यानंतर केव्हाची, हे लाकूड, सरस आणि खिळेच सांगतात.

हाच नियम आपल्या वस्तूंना लावून पाहा. मला तर तिथेच जास्त गोडी वाटते, कारण इथल्या घरांत अमेरिकन गरुडापेक्षा भारताचा नकाशा, चरखा, सिंहमुद्रा किंवा शिवराय असलेले ट्रे आणि तसबिरी मिळण्याचा संभव कितीतरी जास्त. झेंड्यावर चरखा असेल तर ती कल्पना १९२१ नंतरची. केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम आणि मधे चरखा असेल तर १९३१ नंतरची. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने चरख्याच्या जागी २४ आऱ्यांचे चक्र स्वीकारले. चार सिंहांची मुद्रा राजचिन्ह म्हणून २६ जानेवारी १९५० ला आली. नकाशा असेल तर त्याच्या कडा बोटाने फिरवत पाहा. पश्चिमेला सिंध आणि पंजाब एकसंध जोडलेले असतील तर आराखडा फाळणीपूर्वीचा. मुंबई राज्यात गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा एकत्र असतील तर तो १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या साडेतीन वर्षांतला, द्वैभाषिकाच्या काळातला. आणि स्वतंत्र महाराष्ट्राचा आकार असेल तर अर्थातच १ मे १९६० च्या पुढचा.

आमच्या पिढीने संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट घरोघरी ऐकली आहे. तो आकार लाकडात, पितळेत, कापडावर हौसेने उमटवला गेला. पण इथेही कॅलिफोर्नियाच्या सालासारखाच घोटाळा होतो. मंगल कलश आणि ‘१ मे १९६०’ अशी अक्षरे असलेली वस्तू १९६० चीच असेल असे नाही. ती १९८५ च्या रौप्य महोत्सवातली असेल, किंवा २०१० च्या सुवर्ण महोत्सवातली. अशा वेळी जिल्ह्यांच्या रेषा मदतीला येतात. राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये, लातूर आणि गडचिरोली १९८२ मध्ये वेगळे झाले. नकाशात हे चार जिल्हे दाखवले असतील तर तो १९६० चा नाही, मग घरातले कोणी काहीही सांगो. तसेच शिवराज्याभिषेकाचे. १६७४ हे साल कोरलेले असले तरी त्या सोहळ्याची त्रिशताब्दी १९७४ मध्ये झाली, हे ध्यानात ठेवा.

दौंडकरांसाठी आणखी एक खूण आहे. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेल्या ट्रेवर किंवा पाटीवर ‘जी.आय.पी.’ अशी अक्षरे असतील तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळची. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि ही अक्षरे हळूहळू पुसली गेली. अशा भेटवस्तूवर नाव, हुद्दा आणि तारीख तिन्ही असतील तर कुठल्याही नक्षीपेक्षा ती तीन गोष्टींची ओळ मोलाची. ती घासून काढू देऊ नका.

चित्र वाचून झाले की लाकडाकडे वळा. ट्रे खिडकीजवळ न्या आणि तिरका धरा. खरे जडावकाम म्हणजे पाट्यात खाच कोरून तिच्यात दुसऱ्या लाकडाचा, पितळेचा किंवा हाडाचा तुकडा बसवलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून, जुळवून, पाट्यावर चिकटवलेले. दोन्हींत प्रत्येक तुकड्याच्या रेषा आपापल्या दिशेने धावतात आणि जोडावर नख फिरवले तर अगदी बारीक उंचवटा लागतो. तिसरा प्रकार नुसत्या छापील चित्राचा. भिंगाखाली त्यात ठिपके दिसतात आणि लाकडाच्या रेषा चित्राखालून सरळ निघून जातात. छापील ट्रे टाकाऊ नसतो, पण त्याला जडावाची किंमत देऊ नका.

मग ट्रे उलटा करा. मागची बाजू खोटे बोलत नाही, कारण तिला कोणी सजवलेले नसते. तिथे एकसंध फळी आहे की प्लायवुड? स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच आहे की अधिकचे चिन्ह? अधिकच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे. अर्थात स्क्रू मागाहूनही बदलला जातो, म्हणून त्याच्याभोवतीचा डाग जुना आहे का, आजूबाजूला दुसरे रिकामे भोक आहे का, हेही पाहा. जोडांतून तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर दिसत असेल तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंक. पांढरट, रबरी थर असेल तर ती बहुधा पुढची दुरुस्ती. फेव्हिकॉल आपल्याकडे १९५९ मध्ये आले. कागदाची चिकटपट्टी, दुकानदाराचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा यांतले काही असेल तर लगेच त्याचा फोटो घ्या. पहिल्याच ओल्या फडक्यात ते जाते.

पांढऱ्या जडावाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे कायदा आहे. पांढरा तुकडा हाडाचा असेल तर भिंगाखाली बारीक काळपट टिंबे किंवा तुटक रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, उभ्या कापावर ती दिसत नाही, नुसते मऊ लहरींसारखे पट्टे दिसतात. सर्वत्र सारखा, निर्जीव पांढरा रंग म्हणजे प्लास्टिक किंवा सेल्युलॉइड. तापलेली सुई लावून पाहण्याचा जो उपाय काही लोक सांगतात तो करू नका. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, आणि हाड असो वा दंत, डाग कायमचा राहतो. मुंबईत एकेकाळी चंदनाच्या पेट्यांवर हस्तिदंत, शिसव आणि धातूच्या बारीक काड्यांची जी भौमितिक नक्षी होई, तिच्या चीजवस्तू पुणे जिल्ह्यातल्या जुन्या घरांतही असू शकतात. तसे काही सापडले तर विक्रीचा विचार मनातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि ते बाळगण्यासाठीही मालकीचे प्रमाणपत्र लागते. शंका असेल तर वन विभागाकडे स्वतःहून विचारणा करणे हाच सरळ मार्ग.

आता स्वच्छतेकडे येऊ, कारण खरे नुकसान इथेच होते आणि तेही प्रेमापोटी होते.

खोबरेल तेल लावू नका. लाकूड ‘तहानलेले’ दिसते म्हणून आपण तेल लावतो. ते काही दिवस खुलते आणि मग धूळ धरून काळे, चिकट होते. जवसाचे तेल त्याहून वाईट, ते सुकून कडक होते आणि वर्षागणिक काळवंडते. पितळेची तार उजळायला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर वापरू नका. आम्ल शेजारच्या लाकडात शिरते आणि पावडरीचा पांढरा गाळ जोडांत अडकून बसतो. पॉलिशपेपर तर अजिबात नको. पापुद्र्याचे काम काही वेळा कागदाइतके पातळ असते, दोन हात मारले की ताऱ्यांच्या जागी खालचा पाटा दिसू लागतो.

जुन्या ट्रेवरचे पॉलिश बहुधा लाखेचे, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले असते. तेच स्पिरिट पुन्हा लागले की ते विरघळते. म्हणून सॅनिटायझर, सेंट, काच पुसायचे द्रव्य यांपासून ट्रे लांब ठेवा. चहाचा कप गरम ठेवला की लाखेवर पांढरे वर्तुळ उमटते तेही याच नाजूकपणामुळे. पॉलिश कोणते आहे हे पाहायचे असेल तर ट्रेच्या पाठीमागे, कोपऱ्यात, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक ठिपका लावा. चिकट झाले तर लाख, काहीच झाले नाही तर मेलामाइन किंवा तसे दुसरे नवे पॉलिश. दर्शनी बाजूवर हा प्रयोग नको.

करायचे ते इतकेच. रंगाचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन धूळ झटका, ब्रश जडावाच्या कडेला समांतर फिरवा, आडवा नको, नाहीतर सुटलेला तुकडा उडतो. मग जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल कोरडीच फिरवा. मळ फारच असेल तर कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, नाण्याएवढ्या जागेवर फिरवा आणि लगेच कोरडी करा. कापसावर लाकडाचा किंवा पॉलिशचा रंग येऊ लागला की तिथेच थांबा. चकाकी आली नाही म्हणून काम अपुरे राहिले असे समजू नका. हातांच्या वापराने आलेली जी मंद झाक असते, तीच जुन्या वस्तूची कातडी.

शिरूर-दौंडची हवा या कामाला सोपी नाही. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत. एप्रिल-मेमध्ये कोरडी धग असते, लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, पितळ आणि हाड आकसत नाही, आणि तुकडा सैल होतो. ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगते आणि तुकड्याला वर ढकलते. म्हणून ट्रेला ‘ऊन दाखवण्याची’ सवय सोडा. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरही टांगू नका. आतल्या खोलीतले, भिंतीला न टेकलेले लाकडी कपाट सगळ्यात बरे. सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कायमचे बांधून ठेवले तर पावसाळ्यात आत बुरशी येते.

तुकडा सुटला तर तो छोट्या कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर जागा लिहा: वरच्या ओळीतला डावीकडून तिसरा तारा, अशा शब्दांत. झटपट चिकटणारा डिंक वापरू नका. सरसाने बसवलेला तुकडा पुढे गरम ओलाव्याने काढता येतो, झटपट डिंकाचा निघत नाही. ट्रेच्या पाठीला टाचणीएवढी भोके आणि खाली ताजा पिवळट भुसा दिसला तर घुण जिवंत आहे. ट्रे लगेच बाकीच्या लाकडापासून वेगळा करा, पिशवीत बंद करून खाली काळा कागद ठेवा आणि काही दिवस पाहा, भुसा पडत असेल तर जाणत्याला दाखवा. अशा कामासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन-दुरुस्तीचे केंद्र आहे. गावातला सुतार हुशार असतो, पण त्याला सांगावे लागते की नवे करून नको, आहे ते टिकवून द्या.

ट्रेवर तिरंगा आणि अशोकचक्र असेल तर त्यावर चहा देऊ नका. राष्ट्रध्वजाचा वस्तू ठेवण्या-वाहण्यासाठी वापर करू नये असे राष्ट्रध्वज संहिता सांगते, आणि १९७१ च्या कायद्यात ध्वजाचे कोणत्याही माध्यमातले दृश्य रूपही येते. तो सन्मानाने भिंतीवर लावावा किंवा कपाटात ठेवावा.

विकायचाच असेल तर घाई करू नका. दारावर आलेल्या पहिल्या माणसाला ‘काय देता’ असे विचारले की भाव त्याने ठरवला. आधी दर्शनी बाजू, पाठ, कडा आणि खुणांचे फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक चक्कर मारून तशाच वस्तूंचे भाव ऐका. आणि त्याआधी एक सकाळ राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी ठेवा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पेट्या, दारे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. रोजच्या वापरातली वस्तू संग्रहालयाच्या कपाटात कशी दिसते हे तिथे पाहिले की माळ्यावरच्या ट्रेकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

परदेशी राहणाऱ्या मुलाबरोबर तो पाठवायचा विचार असेल तर वय आधी ठरवा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ट्रे मूळचा अमेरिकन असला तरी त्याने फरक पडत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळते. ते हातात असल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका.

ठेवणार असाल, विकणार असाल किंवा कोणाला देणार असाल, एक काम आजच करता येते. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ ट्रे घेऊन बसा आणि विचारा, हा आला कुठून, कोणी दिला, कोणत्या कार्यात वापरला. आजी म्हणेल, ‘मामंजींना साहेबानं दिला होता.’ मग कोणता साहेब, मिशनचा की रेल्वेचा, आणि तेव्हा कोणाचा जन्म व्हायचा होता, असे पुढे विचारत राहा. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात तुम्ही स्वतः मोजलेले तारे, पाहिलेले स्क्रू, वाचलेला नकाशा लिहा. आठवण आणि पुरावा एकमेकांत मिसळू नका. दोन्हींत विसंगती आली तरी दोन्ही राहू द्या, पुढच्या कोणाला तरी त्यातून वाट सापडेल. कागदावर तारीख आणि तुमचे नाव घाला. सेलोटेपने तो ट्रेला चिकटवू नका, टेप पॉलिशसकट निघते. पाकिटात घालून ट्रेबरोबर त्याच कापडात ठेवा आणि त्याचा एक फोटो दुसऱ्या घरी राहणाऱ्या भावंडाला पाठवून द्या.